पंख्याचे बोल्ट इतके हलके का आवळतात?

प्रश्न: मागच्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. तिच्या गावाजवळच्या छोट्या धावपट्टीवर १९४६ सालचं पिवळं ‘पायपर कब’ विमान पाहिलं. पुढचा पंखा अस्सल लाकडाचा, चकचकीत वॉर्निश केलेला. मेकॅनिक त्या पंख्याच्या मधोमध असलेले बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने आवळत होता, पण इतक्या हलक्या हाताने की मला राहवेना. पाना ‘टक्’ वाजला की हा थांबे. आयुष्यभर ट्रक-ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत हात काळे केले आहेत. चाकाचे नट आम्ही पान्यात पाइप घालून, वेळ पडली तर वर उभं राहून आवळतो. चाक निखळलं तर गाडी रस्त्याकडेला तरी थांबेल. पंखा निखळला तर माणूस कुठे थांबणार? मग तिथे एवढी नाजूक मनधरणी कशासाठी?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: तुमची शंका रास्त आहे आणि आकडे तिला दुजोराच देतात. साध्या मोटारीच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळतात. कबच्या लाकडी पंख्याचा बोल्ट वीस ते पंचवीसच्या घरात, म्हणजे चौथ्या हिश्शावर आटोपतो. नेमका आकडा पंखा बनवणाऱ्याच्या पत्रकात असतो आणि तोच पाळायचा. माझा आकडा फक्त अंदाज यावा म्हणून दिला आहे.

पहिली गोष्ट ही की इंजिन पंख्याला फिरवतं ते बोल्टांच्या आधाराने नव्हे. बोल्ट भोकातून गेलेत, म्हणजे तेच पंख्याला ओढत नेत असणार, असं सगळ्यांनाच वाटतं. प्रत्यक्षात पंख्याचा लाकडी गाभा मागच्या बाजूला इंजिनच्या फ्लँजवर टेकलेला असतो, पुढून एक जाड धातूची तबकडी असते आणि बोल्ट या दोहोंच्या मध्ये लाकूड घट्ट दाबून धरतात. फ्लँज फिरली की त्या दाबातून जे घर्षण तयार होतं, ते पंख्याला फिरवतं. बोल्टांनी फक्त दाबायचं. त्यांच्यावर आडवा मार बसू लागला, तर काहीतरी बिघडलेलं आहे असं खुशाल समजा. तुमच्या ट्रकच्या चाकाचंही तेच. नट चाकाला ड्रमवर दाबतात आणि चाक घर्षणाने फिरतं. ढिल्या नटांवर गाडी चालवली तर स्टड तुटतात ते यामुळेच.

कागद-पेन्सिल घेऊन ढोबळ हिशेब करू. कबचं कॉन्टिनेंटल ए-६५ इंजिन ६५ अश्वशक्तीचं, मिनिटाला २३०० फेऱ्यांवर. यावरून पंख्याला मिळणारा सरासरी पीळ निघतो सुमारे २०० न्यूटन-मीटर. फ्लँजवाल्या प्रकारात ३/८ इंच जाडीचे सहा बोल्ट असतात. प्रत्येक बोल्ट २३ न्यूटन-मीटरला आवळला तर तो साधारण १२०० किलो वजनाइतक्या ताणाने खेचला जातो. सहा बोल्ट मिळून सात टनांच्या वर. लाकूड आणि धातू यांमधलं घर्षण व फ्लँजची रुंदी धरली, तर एवढा दाब १००० न्यूटन-मीटरच्या आसपासचा पीळ घसरू न देता पेलतो. गरज २००ची, तजवीज १०००ची.

ही उधळपट्टी वाटेल, पण नाही. २०० हा सरासरीचा आकडा आहे आणि चार सिलिंडरचं इंजिन सरासरीने चालत नाही, धक्क्यांनी चालतं. एका फेरीत दोन स्फोट, म्हणजे २३०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ७७ धक्के. प्रत्येक धक्क्याच्या क्षणी पीळ सरासरीच्या कितीतरी पट वर जातो. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी इंजिन मंदावू पाहतं आणि जडशीळ पंखा आपल्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. तेव्हा पंखाच इंजिनला ओढतो. थोडक्यात, त्या सांध्यावर सेकंदाला ७७ वेळा पुढे-मागे हिसके बसत असतात. तासाला झाले पावणेतीन लाखांच्या वर. दाब पुरेसा असेल तर हे हिसके घर्षणातच जिरतात. कमी पडला, तर लाकूड फ्लँजवर केसभर सरकतं, परत येतं, पुन्हा सरकतं. त्या घासण्याने लाकूड तापून काळं पडतं, अक्षरशः जळतं. मग भोकं लांबट होतात आणि हिसके थेट बोल्टांवर येतात. पोलाद एकदा जोरात वाकवलं तर सहन करतं, पण लाखो वेळा थोडं थोडं वाकवलं तर थकून तुटतं. एक बोल्ट तुटला की त्याचा भार बाकीच्या पाचांवर, आणि त्यांचीही उमेद तोवर संपलेली असते.

‘मग तर जास्तच आवळायला हवं’ असं तुम्ही म्हणणार. इथेच लाकूड आडवं येतं. सात टनांचा दाब जेमतेम पसरट बशीएवढ्या जागेवर पडतो. बर्चसारखं टणक लाकूड उभ्या धाग्यांवर भरपूर भार झेलतं, पण इथे दाब धाग्यांना आडवा पडतो, आणि त्या दिशेला त्याची ताकद फार कमी असते. वरचा हिशेब पुढे नेला तर दिसतं की दिलेल्या आकड्यालाच लाकूड चिरडण्याच्या मर्यादेजवळ पोचलेलं असतं. पाइप घालून आणखी दोन आटे दिलेत तर धागे कायमचे दबतील. हाताला मात्र भारी घट्ट वाटेल! दबलेलं लाकूड परत उसळी घेत नाही. त्यामुळे अति आवळलेला पंखा काही दिवसांनी कमी आवळलेल्या पंख्याइतकाच ढिला होतो, वर त्याचा गाभाही खराब झालेला असतो. खालची मर्यादा घसरण्याची, वरची चिरडण्याची. दोन्हींमधली पट्टी अरुंद आहे आणि तुमच्या मेकॅनिकचा पाना त्या पट्टीत ‘टक्’ करत होता.

आता खरी गंमत पुढे आहे. आज अचूक आवळलेला बोल्ट कुणी हात न लावता चार महिन्यांनी ढिला सापडू शकतो. सांगलीकडच्या माणसाला हे सोपं करून सांगता येईल. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची धाव ढिली होते, कारण लाकूड वाळून आक्रसतं. मग चाक पाण्यात ठेवून लाकूड फुगवतात. पंख्याच्या गाभ्यात तेच घडतं, फक्त लोखंड बाहेरून वेढण्याऐवजी आरपार गेलेलं असतं.

किती आक्रसतं? बर्चमधला ओलावा एक टक्क्याने घटला तर ते धाग्यांच्या आडव्या दिशेने साधारण पाव टक्का बारीक होतं. गाभा १०० मिलिमीटर जाड असेल तर पाव मिलिमीटर. हे क्षुल्लक वाटतं, पण घट्ट बोल्ट मुळात किती ताणलेला असतो ते पाहा. जेमतेम दीड दशांश मिलिमीटर. त्याच्या जोडीला दबलेलं लाकूड अर्धा-पाऊण मिलिमीटर चेपलेलं असतं. सगळा दाब या एवढ्याशा ताण-चेपाच्या जिवावर उभा असतो. एक टक्का ओलावा गेला की तिसरा हिस्सा दाब गेला, तीन टक्के गेला की जवळजवळ सगळाच. पुण्याच्या हवेत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि एप्रिलच्या दुपारी ती पंचवीस-तिसापर्यंत उतरते. अशा हवेत महिनोन्‌महिने राहिलेल्या लाकडाचा ओलावा तीन टक्क्यांहून बराच जास्त हलू शकतो. वॉर्निश हा बदल रोखत नाही, फक्त लांबवतं. म्हणून बोल्टांची भोकं आणि मधलं छिद्रही आतून वॉर्निशने बंद केलेली असावी लागतात. तिथे धागे उघडे पडलेले असतात आणि ओलावा तिथूनच सर्वांत झपाट्याने शिरतो.

उलट दिशेचा धोका जास्त फसवा. कोरड्या हवेत आवळलेला पंखा दमट जागी नेला की लाकूड फुगतं, पण बोल्ट जागा देत नाहीत. दाब वाढतो, धागे चिरडतात. पुढे हवा कोरडी झाली की ते आधीपेक्षा जास्त आक्रसतात. पावसाळ्यात घट्ट वाटलेला बोल्ट पुढच्या उन्हाळ्यात हाताने फिरेल, तो यामुळे.

म्हणून जुन्या लाकडी पंख्यांसाठी अमेरिकेतल्या सेन्सेनिक या नामांकित कंपनीने घालून दिलेली शिस्त अशी आहे: बसवल्यावर पहिल्या उड्डाणानंतर बोल्ट तपासा, मग पहिल्या २५ तासांनंतर, नंतर किमान दर ५० तासांनी, आणि विमान दमट प्रदेशातून कोरड्या प्रदेशात गेलं किंवा ऋतू बदलला तर तास मोजत न बसता तपासा. ही कंपनी हॅरी आणि मार्टिन सेन्सेनिक या भावांची. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागातले हे दोघे बर्फावर इंजिनाने पळणारी घसरगाडी करत होते. तिच्यासाठी पंखा कोरता कोरता १९३२ मध्ये त्यांचा धंदाच उभा राहिला. कबसुद्धा त्याच राज्यातलं, लॉक हेवनचं. जे-३ नमुन्याची जवळजवळ २०,००० विमानं तिथून बाहेर पडली, त्यामुळे या पंख्यांना अमेरिकेतल्या सगळ्या हवामानांची चव मिळाली. दमट फ्लोरिडातलं कब विकत घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात नेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात पाना हातात घेतला नाही, तर माझ्या मते त्याला विमान ठेवण्याचा हक्क नाही.

तास मोजण्याच्या या नियमात एक खोच आहे. हौशी माणसाचं जुनं विमान वर्षाला कधी कधी तीस तासही उडत नाही. पन्नास तास भरेपर्यंत दोन पावसाळे उलटून जातात. अशा विमानाला घड्याळापेक्षा पंचांग जास्त उपयोगी.

प्रश्न: (त्याच पत्रातून) त्या बोल्टांच्या डोक्यांतून पिळलेली तार ओवली होती. एवढं बांधून टाकल्यावर बोल्ट ढिला कसा होईल?

उत्तर: तार बोल्टला उलटा फिरू देत नाही. साधारण एक मिलिमीटर जाडीची पोलादी तार दोन-दोन बोल्टांच्या डोक्यांतून अशी ओवून पिळतात, की एक सुटू लागला तर दुसऱ्याला आवळत जाईल. पण वरच्या प्रकारात बोल्ट फिरलेलाच नसतो. तो होता तिथेच आहे, त्याच्या खालचं लाकूड बारीक झालंय. तार शाबूत, गाठ जिथल्या तिथे, आणि दाब शून्य. तारेकडे बघून समाधान मानणारा मालक या पंख्याचा सर्वांत मोठा शत्रू. दाब तपासायचा तर तार कापावी लागते, आणि त्या आळसापोटीच तपासणी टळते.

काही इंजिनांवर बोल्टाला मागून खाचांचा नट असतो आणि खिळपिनेने तो अडकवतात. तिथे खाच आणि भोक एका रेषेत आली नाहीत, तर नट थोडा सैल करून जुळवण्याचा मोह होतो. तसं करायचं नाही. वॉशर बदलून जुळवतात, किंवा दिलेल्या आकड्यांच्या पट्टीत राहून थोडा पुढे नेतात. काही लहान विमानांत, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियन जबिरू इंजिनांवर, लाकडी पंख्याच्या बोल्टांखाली बशीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर घालतात. लाकूड थोडं बारीक झालं तरी ते फुलून दाब टिकवतात. कल्पना छान आहे, पण जुन्या विमानावर कुणी स्वतःच्या मनाने हे वॉशर घालू नयेत. त्या विमानाच्या मंजूर कागदपत्रांत जे नाही ते चालत नाही.

प्रश्न: टॉर्क रेंच ‘टक्’ म्हणाला की काम फत्ते, असं धरायचं का? आमच्या वर्कशॉपमध्ये एक आहे, पण पोरं त्याचा हातोडीसारखा वापर करतात.
— एक गॅरेजमालक, कोल्हापूर

उत्तर: पोरांना आधी आवरा. आपटलेला टॉर्क रेंच खोटं बोलतो, आणि फार आत्मविश्वासाने बोलतो. वापरून झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची आणि ठरावीक काळाने तो प्रमाणित करून घ्यायचा, एवढं तरी पाळा.

पाना चांगला असला, तरी तो मोजतो पीळ. आपल्याला हवा असतो ताण. तुम्ही लावलेल्या जोरातला साधारण निम्मा बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो दहावा हिस्सा. घर्षण थोडं बदललं की हा दहावा हिस्सा भलताच बदलतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर पाना त्याच आकड्याला वाजतो, पण बोल्ट हव्या त्यापेक्षा पाव पटीने किंवा त्याहूनही जास्त ताणला जातो, आणि अरुंद पट्टीतून आपण वर निघून जातो. उलट, आट्यांत गंज किंवा कचरा असेल तर पाना वाजूनही दाब आलेलाच नसतो. म्हणून पत्रकात ‘कोरडे’ लिहिलंय की ‘तेल लावून’, हे आकड्याइतकंच डोळ्यांत तेल घालून वाचायचं.

पंख्याच्या मागे जागा अडचणीची असते, त्यामुळे बरेचदा पान्याच्या टोकाला जोडतुकडा लावून आवळावं लागतं. हा तुकडा पान्याच्या रेषेत पुढे आला की दांडा लांबला आणि आकडा बदलला. पान्याची लांबी ३०० मिलिमीटर आणि तुकडा ६० मिलिमीटर पुढे असेल, तर २४ न्यूटन-मीटर हवे असताना पान्यावर २० लावावे लागतात. २४ गुणिले ३००, भागिले ३६०. तुकडा काटकोनात लावला तर ही भानगड उरत नाही. जाणते मेकॅनिक तेच करतात.

आणखी एक सापळा एककांचा. जुन्या अमेरिकी पुस्तकांत आकडे इंच-पौंडात असतात आणि बाजारातले बरेच पाने फूट-पौंडाचे. २०० इंच-पौंड म्हणजे साधारण साडेबावीस न्यूटन-मीटर. २०० फूट-पौंड त्याच्या बारा पट. इतका जोर लावायच्या आधीच बोल्टाने मान टाकलेली असेल. नशीबवान असाल तर.

आवळण्याची रीत तुम्हाला माहीत असेलच, तरी थोडक्यात. एक बोल्ट, मग त्याच्या समोरचा, मग शेजारच्या जोडीतला, असे थोडे थोडे वाढवत जायचं. एकदम शेवटच्या आकड्यापर्यंत कुणालाच न्यायचं नाही, नाहीतर पंखा एका बाजूला कलून बसतो. झाल्यावर दोन्ही पाती एकाच वर्तुळातून जातात का ते पाहतात. चाकांना ठोकळे लावून विमान पक्कं करायचं, एका पात्याच्या टोकाशी हलणार नाही अशी काठी उभी करून खूण करायची, मग पंखा अर्धा फिरवून दुसऱ्या पात्याचं टोक त्याच खुणेशी येतं का ते बघायचं. लाकडी पंख्याला फरक साधारण तीन मिलिमीटरपर्यंत चालतो. जास्त आला तर एका बाजूचे बोल्ट पिळून तो ‘सरळ’ करणारे महाभाग जगात आहेत. त्यांच्या विमानात बसू नये.

तपासणीतला एक बारकावा मात्र बऱ्याच अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटतो. स्थिर बोल्ट हलवायला जास्त जोर लागतो, फिरत्याला कमी. बरेच दिवस एका जागी बसलेल्या बोल्टाला पाना लावला, की तो बोल्ट न हलताच ‘टक्’ वाजू शकतो आणि मेकॅनिकला वाटतं सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात दाब कमी असू शकतो. दमट हवेत फुगलेल्या गाभ्यावर तर हा प्रयोग निरर्थकच, कारण दाब जास्त झालाय का हे ‘टक्’ कधीच सांगत नाही. खात्रीचा मार्ग एकच. बोल्ट सैल करून पुन्हा क्रमाने, थोडे थोडे, फिरत्या अवस्थेत शेवटच्या आकड्यापर्यंत आणायचे. वेळ लागतो. लागू द्यावा.

प्रश्न: बोल्ट ढिले सापडले तर आवळून पुढे जायचं, एवढंच ना?

उत्तर: एवढंच नाही, आणि या सदरातून घेण्यासारखी एखादी गोष्ट असेल तर ती हीच. थोडासा ऋतूबदलाचा फरक वेगळा. पण बोल्ट खरोखर ढिला निघाला, तर पंखा उतरवायचा. मागची बाजू पाहायची: लाकूड काळवंडलंय का, भोकं लांबट झालीत का, गाभ्याभोवती वॉर्निशला तडे आहेत का, फ्लँजवर घासल्याच्या चकचकीत खुणा किंवा बारीक काळी-तांबूस पूड आहे का. यांपैकी काही असेल तर तो पंखा पुन्हा आवळून उडवायचा नाही, तो बनवणाऱ्याकडे किंवा परवानाधारक कार्यशाळेत पाठवायचा. एक बोल्ट तुटलेला सापडला तर सहाच्या सहा बदलायचे, कारण बाकीच्यांनीही तोच मार खाल्लेला असतो. काळवंडलेल्या लाकडावर नुसता पाना फिरवणं म्हणजे पुरावा दडपणं.

जुन्या कबांत आणखी एक प्रकार आहे. काही ए-६५ इंजिनांचा दांडा पुढे निमुळता असतो, त्यावर वेगळा पोलादी हब बसतो आणि तो एका मोठ्या नटाने आवळलेला असतो. पंख्याचे बोल्ट त्या हबच्या दोन तबकड्यांमध्ये लाकूड दाबतात. अशा विमानावर दोन सांधे तपासावे लागतात, आणि बरेच जण बाहेरून दिसणाऱ्या बोल्टांवरच थांबतात. इंजिनाच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर तो फ्लँजचा प्रकार. आपल्याकडच्या ‘पुष्पक’ विमानात सी-९०-८एफ इंजिन होतं, तेही याच जातीचं. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. वि. मा. घाटगे यांच्या देखरेखीखाली झालेलं हे विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडालं आणि पुढे दीडशेहून अधिक पुष्पक देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. गोटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या या मराठी माणसाचं नाव आपल्याकडे जेवढं घेतलं जावं तेवढं घेतलं जात नाही, हे जाता जाता.

प्रश्न: धातूच्या पंख्याला हे सगळं लागतं का?

उत्तर: हवेच्या ओलाव्याने ॲल्युमिनियम फुगत नाही. त्यामुळे ऋतूचा त्रास नाही, आणि आकडा लाकडापेक्षा बराच वरचा असतो. पण इंजिनाचे धक्के तेच, तपासणी तीच, तारही तीच.

प्रश्न: हा त्रास पहिल्यापासूनचाच का? राइट बंधूंनी काय केलं होतं?

उत्तर: पहिल्यापासूनचा, आणि अगदी पहिल्या विमानापासूनचा. राइट बंधूंचे दोन पंखे स्प्रूस लाकडाचे होते आणि सायकलसारख्या साखळ्यांनी फिरत. नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉकला इंजिन चालवून पाहताच त्याच्या हिसक्यांनी दांड्यांवरच्या साखळीचक्रांचे नट वारंवार ढिले होऊ लागले आणि दांडेही बिघडले. दांडे दुरुस्तीला डेटनला त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याच्याकडे गेले, परत आले, तरी चक्रं ढिली होतच राहिली. शेवटी सायकलवाल्या भावांनी टायर चिकटवण्याचा डिंक तापवून आट्यांत ओतला. नट थांबले, पण महिनाअखेरीस एका दांड्याला तडा गेला. ऑर्विल स्वतः डेटनला जाऊन भरीव स्प्रिंग पोलादाचे दांडे घेऊन आला आणि १७ डिसेंबरला विमान उडालं. डिंकाने नट सुटायचा थांबला, हिसका मात्र तसाच राहिला. तो पेलायला नवा दांडाच लागला.

प्रश्न: जुनं विमान पाहायला मिळालं तर पंखा हाताने फिरवून पाहायला हरकत नाही ना? स्विच बंद असतो की.

उत्तर: हरकत आहे. या इंजिनांची ठिणगी बॅटरीवर चालत नाही. मॅग्नेटो नावाचं छोटं जनित्र ती स्वतः तयार करतं, आणि पंखा हाताने फिरवला तरी करू शकतं. स्विच ‘बंद’ केला की मॅग्नेटोची एक तार इंजिनाच्या धातूच्या अंगाला (‘अर्थ’ला) जोडली जाते, एवढंच होतं. ती तार कुठे तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन जिवंत असतं आणि बाहेरून ते कुणालाही कळत नाही. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असेल तर एका फिरवणीत पातं हात घेऊन जातं. मेकॅनिकही बोल्ट तपासताना स्विच बंद करून, चाकांना ठोकळे लावून, स्पार्क प्लगच्या तारा काढून मगच पंख्याजवळ उभा राहतो. तेव्हा पुन्हा लेकीकडे गेलात आणि ते पिवळं कब दिसलं, तर मेकॅनिकला शेवटची तपासणी कधी केली ते जरूर विचारा, पाना मागून बघा, तारेचे पीळ मोजा. पण पंख्याला, बंद असो वा चालू, परवानगीशिवाय हात लावू नका.